तिघींची एकच फुंकर

आपल्याला दम लागतो हे पटवून देण्यासाठी माणसाला किती जणांच्या दारात उभं राहावं लागतं, हे मी एकतीस वर्षं बघितलं. ताप आला तर थर्मामीटर आहे. हाड मोडलं तर एक्स-रे आहे. दम लागतो म्हणणाऱ्याला मात्र लोक आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. घरचे म्हणतात, वजन कमी कर. सुपरवायझर म्हणतो, कामचुकार आहे. आणि बाई असेल तर डॉक्टरसुद्धा विचारतात, घरी काही टेन्शन आहे का. या सगळ्यांवरचा माझा राग रिटायर झाल्यावर निवेल असं वाटलं होतं. दोन वर्षं झाली, निवला नाही. म्हणून लिहायला बसले.

थेरगावात डांगे चौकापासून पाच मिनिटांवर छातीच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत फुफ्फुसं तपासायचं मशीन असतं. ते मी चालवायचे. पेशंट त्याला ‘फुंकायची टेस्ट’ म्हणतात, मीही तेच म्हणते. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात जोरात सोडायचा, तोही छाती पार रिकामी होईपर्यंत. एकूण हवा किती निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती निघाली, हे मशीन मोजतं. निरोगी माणसाची बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात भसकन बाहेर पडते. श्वासनळ्या आवळलेल्या असल्या तर ती रेंगाळत येते. पडद्यावर त्याची रेघ उमटते, आधी सरळ उंच चढणारी आणि मग उतरत येणारी. ती रेघ वाचता येणं हीच माझी विद्या.

पहिल्या फटक्यात कोणालाच फुंकता येत नाही. कोणी नळी चावतं, कोणी गाल फुगवून बसतं, कोणाला मध्येच हसू फुटतं. तीन फुंकरी जवळजवळ सारख्या आल्या की टेस्ट खरी धरायची. मग पंपाचं औषध द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं बसवायचं आणि परत फुंकायला लावायचं. एका माणसाला पाऊण तास तरी जातो. त्या पाऊण तासात मी सारखी ओरडत असायचे. “फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका.” बाहेर बसलेल्या नव्या पेशंटांना वाटायचं, आत भांडण चाललंय.

याच आवाजाने मी एका माणसाचं नुकसान केलं. दुसऱ्यांवर रागवायच्या आधी ते सांगितलं पाहिजे.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. आकुर्डीत राहणारे एक कांबळे म्हणून गृहस्थ आले. पन्नाशीचे, बारीक, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. एका फाउंड्रीत ओतीव लोखंडाच्या वस्तू ग्राइंडरने घासायचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. साच्याची वाळू वस्तूला चिकटलेली असते, ती घासताना पिठासारखी उडते. त्यांना दोनदा टीबीची औषधं देऊन झाली होती. फरक नव्हता. माझ्यासमोर बसून ते फुंकायला लागले की दोन सेकंदात खोकला यायचा. मी पाच वेळा प्रयत्न केला. सहाव्या वेळी माझा संयम सुटला. “काका, जोर लावायचाच नाही का तुम्हाला? सुट्टी हवी म्हणून आलात का?”

त्यांनी नळी खाली ठेवली आणि म्हणाले, “बाई, जेवढा होता तेवढा लावला.”

मी रिपोर्टवर लिहिलं, ‘प्रयत्न अपुरा’. हे दोन शब्द आमच्या धंद्यात फार सोयीचे आहेत. मशीन बरोबर, टेक्निशियन बरोबर, चूक पेशंटची. तो कागद त्यांच्या कंपनीने जपून ठेवला आणि काम बदलून मिळावं म्हणून त्यांनी केलेल्या अर्जावर तोच दाखवला, की हा माणूस टेस्टसुद्धा नीट देत नाही. पुढे आमच्या डॉक्टरांनी स्वतः एक्स-रे बघून सिलिकोसिसचं निदान केलं. वाळूची धूळ फुफ्फुसात बसून ती कडक होतात, असा तो आजार. तोवर तीन वर्षं गेली होती, आणि तीनही वर्षं ते ग्राइंडरवर उभे होते. ते वारल्यावर त्यांची मुलगी जुने कागद परत द्यायला दवाखान्यात आली होती. मी मागच्या खोलीतून बाहेर गेले नाही. त्या दिवसानंतर ते दोन शब्द मी कोणाच्याही रिपोर्टवर लिहिले नाहीत. ‘खोकल्यामुळे टेस्ट पूर्ण होऊ शकली नाही’ असं लिहायचे. खरं तेवढंच असतं.

आता शोभाचं सांगते.

शोभा चाकणजवळच्या एका जुन्या गावातली सून. चौतीस वर्षांची. घरची बरीचशी जमीन कारखान्यांत गेलेली, थोडी उरलेली. नवरा टेम्पो चालवायचा आणि ती गाड्यांचे बंपर रंगवून देणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होती. एका रविवारी सकाळी नवऱ्याबरोबर आली. पिशवीत कागदांचा गठ्ठा. आठ महिन्यांत चार डॉक्टर झाले होते. एकाने रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या होत्या. एकाने टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्याने जनावरांची ॲलर्जी सांगितली, म्हणून नवऱ्याने गोठ्यातली गाय विकून टाकली. चौथ्याने सांगितलं, योगा करा.

मी टेस्ट घेतली. फार छान फुंकली ती, दुसऱ्याच वेळी जमलं. आणि टेस्ट नॉर्मल आली.

नवरा म्हणाला, “बघ, मी म्हणत नव्हतो? काही न्हाई तुला.” त्यात राग नव्हता, त्याला खरंच हायसं वाटलं होतं. पण शोभाचा चेहरा पडला. आजार नाही हे ऐकून चेहरा पडणारा माणूस समोर दिसला की मी खुर्ची ओढून बसते. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा असा पडत नाही.

“दम कधी लागतो?” मी विचारलं.

“काही नेम न्हाई, मॅडम.”

“आता लागतोय?”

“आत्ता न्हाई.”

“काल?”

“काल लई लागला. कंपनीतून आल्यावर भांडी घासाया बसले, ती तशीच टाकून उठले.”

“आणि सोमवारी कसं असतं?”

ती विचारात पडली. “सोमवारी बरं असतंय की. मंगळवारपासून छाती आवळती. शनिवारी तर बोलताबी येत न्हाई.” मग स्वतःच म्हणाली, “दिवाळीला माहेरी आठ दिवस होते, तवा एकदाबी लागला न्हाई.”

“माहेरी गाय आहे?”

“दोन हायेत. दूध मीच काढत होते.”

नवऱ्याने मान खाली घातली.

तिचं काम काय, असं मी विचारलं. चार डॉक्टरांच्या एकाही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, ‘गृहिणी’. कोणी विचारलंच नव्हतं. चाकणच्या पट्ट्यात शिफ्टच्या बसमधून रोज एवढ्या बायका उतरतात, आणि दवाखान्यात आल्या की सगळ्या गृहिणी होतात. या एका शब्दाचा मला आजही संताप येतो.

शोभा मिक्सिंग रूममध्ये होती. रंगात हार्डनर मिसळायचा, ढवळायचा, डबे भरून पुढे द्यायचे. हार्डनर म्हणजे रंग लवकर वाळून कडक व्हावा म्हणून घालायचं रसायन. तो फुफ्फुसाला चावला की तिथे एक प्रकारचा दमा तयार होतो. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतो त्याला पुढे त्याची नुसती वाफसुद्धा पुरते. खोली दहा बाय बारा, पंखा एक, तोंडाला कापडी मास्क. कापडाने धूळ अडते, वाफ अडत नाही.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “आज रविवार. काल शिफ्ट सुटल्यापासून ती कामावर नाही. नॉर्मलच येणार. शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर बोलवा.”

शुक्रवारी दुपारी पहिली शिफ्ट संपवून ती बसने आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलेली मला खिडकीतून दिसली. या वेळी रेघ चढली आणि उतरताना अशी खचली की मी मशीन बिघडलं का म्हणून तपासलं. औषध देऊन वीस मिनिटांनी परत घेतली तर बरीचशी सुधारली. त्याच मशीनवर, त्याच बाईची, पाच दिवसांच्या अंतराने दोन वेगळी फुफ्फुसं.

एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांनी तिला औषधं सुरू केली, काम लवकर बदलून घ्यायला हवं हेही सांगितलं, आणि पीक फ्लो मीटर दिला. प्लास्टिकची वीतभर नळी, तिच्यावर आकडे आणि फुंकरीच्या जोराने सरकणारा काटा. दिवसातून चार वेळा फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा. चार आठवडे, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. सुपरवायझरने दुसऱ्याच दिवशी तो काढून घेतला. कंपनीत वैद्यकीय वस्तू आणायची नाही, म्हणाला. तिने जेवणाच्या सुट्टीत परत मागून घेतला आणि पुढे रोज बाथरूममध्ये जाऊन फुंकला. बाहेर रांग लागलेली असायची, आत ही एकेक आकडा ब्लाउजमध्ये ठेवलेल्या चिटोऱ्यावर लिहायची. रविवारी तीनशे सत्तर. बुधवारी तीनशे. शुक्रवारी दोनशे चाळीस. पुढच्या रविवारी परत तीनशे साठ. चारही आठवडे तेच. मी त्याचा आलेख काढला तर करवतीचे दात.

डॉक्टरांनी कंपनीला पत्र दिलं, या बाईला कामामुळे दमा झाला आहे, तिला हार्डनरपासून दूर दुसरं काम द्यावं. औषध घेऊन तिथेच काम करत राहणं म्हणजे निखारा हातात धरून मलम लावणं, हे डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. या दम्यात लवकर बाजूला झालं तर बरं होण्याची शक्यता चांगली असते, उशीर झाला की तो कायमचा राहतो.

कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. आमच्याकडे दरवर्षी तपासणी होते, शोभाची तपासणी नॉर्मल आहे, सोबत रिपोर्ट जोडला आहे. शोभा तो घेऊन आली. तिच्याबरोबर त्याच खोलीत काम करणाऱ्या दोघींचेही रिपोर्ट होते. “त्यांनी म्हणलं, आमचंबी बघा म्हणावं मॅडमला.” एक सुरेखा, गावातलीच. दुसरी उषा, परभणीकडची, नवऱ्यामागे चाकणला आलेली.

शोभाचा रिपोर्ट बघून मला आधी माझीच शंका आली. इतकी सुंदर रेघ. पण उतरताना एका जागी बारीकशी खाच होती. ती मला ओळखीची. फुंकताना माणूस जरासा खोकला की तशी खाच पडते. मग सुरेखाचा रिपोर्ट काढला. खाच तिथेच. उषाचा काढला. तिथेच. उंची वेगळी, वजन वेगळं, वय वेगळं. तीन बायका आणि तिघी एकाच क्षणी, एकसारख्या खोकल्या.

“तुम्ही तिघींनी फुंकलं कधी?” मी विचारलं.

“फुंकलंच न्हाई, मॅडम. तपासणीची गाडी आली हुती. वजन घेतलं, बीपी घेतलं, डोळे बघितले. फुंकायला कुणी सांगितलंच न्हाई.”

कोणाची तरी एक फुंकर घेऊन ती तिघींच्या नावावर छापली होती. तिघींच्याच का, किती जणांच्या, देव जाणे. मी कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग खाली सही बघितली. टेक्निशियनचं नाव होतं. योगेश. आडनाव लिहीत नाही. त्याला फुंकायची टेस्ट घ्यायला मीच शिकवलं होतं. सहा महिने माझ्या शेजारी बसून शिकला, चांगला शिकला. आता दोन मुलांचा बाप होता आणि एका तपासणीवाल्या एजन्सीच्या गाडीवर कामाला होता.

मी त्याला फोन करून बोलावलं. तो आला, माझ्यासाठी जिलेबी घेऊन आला. मी तीन रिपोर्ट पुढे ठेवले. त्याने एका नजरेत ओळखलं. शिकवलं मीच होतं ना.

“मॅडम, एका दिवसात दीडशे माणसं करायची असतात,” तो म्हणाला.

“दीडशे होत नाहीत. दहा-बारा होतात.”

“ते तुमच्या दवाखान्यात. कंपनी लाइन थांबवू देत नाही. एका माणसाला पाच मिनिटं देतात. त्यात वजन, बीपी, डोळे, कान, सगळं. एजन्सी म्हणते, रिपोर्ट पूर्ण पाहिजेत. कोणी उघडून बघत नाही, मॅडम. फाइलला लागतात.”

“मी बघितला.”

त्याने रिपोर्ट उलटे करून ठेवले. मग हळूच म्हणाला, “माझं नाव घेऊ नका. नोकरी जाईल.”

“हिचा श्वास गेलाय, योगेश.”

“मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल.”

हे वाक्य या पट्ट्यात इतक्या तोंडांतून ऐकलंय की मला त्याचं उत्तर पाठ असायला हवं होतं. मी एवढंच म्हणाले, “जिलेबी घेऊन जा.” तो गेला. रात्रभर मला वाटत राहिलं की चूक याची जेवढी, तेवढी ती कागद फाइलला लावून निवांत झोपणाऱ्यांची आहे, आणि थोडी माझी. त्याला मी रेघ काढायला शिकवली. रेघ म्हणजे माणूस आहे, हे शिकवायचं राहिलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचं दुसरं पत्र घेऊन मी आणि शोभा कंपनीत गेलो. गेटवर मोठा फलक होता, इतके दिवस एकही अपघात नाही. खाली हिरव्या अक्षरांत आकडा. शोभाच्या छातीत इतके महिने जे चाललं होतं ते त्या आकड्यात धरलेलं नव्हतं.

एचआरचे साहेब तिशीचे, अगदी नम्र. चहा मागवला. “मॅडम, आम्ही कायद्याप्रमाणे सगळं करतो. रिपोर्ट नॉर्मल आहे. आणि त्या आमच्या पेरोलवर नाहीत, ठेकेदाराच्या आहेत.”

“श्वास कोणाच्या खोलीत घेतात?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“मिक्सिंग रूम ठेकेदाराची आहे का?”

ते हसले. “तुम्ही इमोशनल होताय.”

मी उठले, तिन्ही रिपोर्ट एकावर एक ठेवले आणि त्यांच्या खिडकीच्या काचेला लावले. बाहेर लख्ख ऊन होतं. तीन रेघांची एकच रेघ दिसली. खाच खाचेवर, शेपूट शेपटीवर. “या तीन बायका आहेत,” मी म्हणाले. “यांतली एक इथे बसलीय. तिला विचारा, तिने फुंकलं का.”

साहेबांनी शोभाकडे बघितलं. ती इतका वेळ पदर मुठीत धरून बसली होती. तिने सरळ सांगितलं, “न्हाई, साहेब. आमी कुणीच न्हाई फुंकलं. आमच्या नावानं दुसऱ्यानंच श्वास घेतला.”

साहेबांनी कागदांच्या प्रती ठेवून घेतल्या. ‘वरती’ बोलतो म्हणाले. चहा आमच्यासमोर तसाच राहिला.

दहा दिवसांनी ठेकेदाराने शोभाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कारण दिलं नाही. कारण काय ते सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी माझा जो तोल सुटला तो आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच बघितला. ते शांतपणे म्हणाले, “ओरडून उपयोग नाही. लिहा.”

मग आम्ही लिहिलं. कामगार विम्याकडे अर्ज, कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार, सोबत शोभाची वही, दोन्ही टेस्ट, तीन खोटे रिपोर्ट. माझ्या जबाबात मी योगेशचं नाव लिहिलं. त्याने सांगितलं होतं, लिहू नका, तरी लिहिलं. त्याची नोकरी गेली. वर्षभराने तो मला बाजारात दिसला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मला वाईट वाटलं. परत वेळ आली तर परत लिहीन.

तपासणी झाली. त्याहून जास्त परिणाम झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या मोठ्या कंपनीला हे बंपर जायचे, तिचे लोक पाहणीला येणार अशी कुणकुण लागली आणि तीन आठवड्यांत मिक्सिंग रूमला वाफ खेचून घेणारी यंत्रणा बसली, बाहेरून स्वच्छ हवा देणारे मास्क आले. जे इतके महिने शक्य नव्हतं ते तीन आठवड्यांत झालं. बाईच्या छातीसाठी झालं नाही, ऑर्डर जाईल म्हणून झालं. झालं तरी.

शोभाचा अर्ज दीड वर्ष फिरला. वैद्यकीय मंडळासमोर तिला तीनदा उभं केलं. एका डॉक्टरांनी परत विचारलं, “घरी जनावरं आहेत का?” ती म्हणाली, “हुती. तुमच्यासारख्याच एकानं विकाया लावली.” शेवटी आजार कामामुळे झाला असं मान्य झालं. अंशतः. फुफ्फुसं पुष्कळ सुधारली, पण रोजचा पंप सुटलेला नाही आणि रंगकामाच्या गॅरेजवरून जाताना तिला अजून रस्ता बदलावा लागतो. चार महिने आधी कोणी एक प्रश्न विचारला असता तर कदाचित तेवढंही उरलं नसतं. ती आता गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवते. गॅसवर. चुलीवर शिजवणार नाही म्हणून तिने आधीच सांगून टाकलं. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली तेव्हा त्यांना वही दाखवली.

सुरेखा टेस्टला आली, ठणठणीत निघाली. उषा आली नाही. दोनदा निरोप पाठवला, आली नाही.

मी रिटायर व्हायच्या आधीच्या महिन्यात ती एकटीच आली. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा. आत येऊन दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसली. बोलताना दर चार शब्दांनी थांबत होती.

“ताई, मला दम लागायलाय. शोभाला व्हता तसाच.”

“मग आजच टेस्ट घेऊ. डॉक्टर आहेत.”

“टेस्ट नको. कागद नको काहीच. कागद झाला की शोभासारखं घरी बसवतेत.”

“आता तिथे मशीन बसवलंय ना? मास्क आलेत ना?”

“मास्क हायेत. पाव्हणे यायचे आसले की घालायला लावतेत. बाकीच्या दिवशी कपाटात. मशीनचा आवाज व्हतो म्हणून बंद ठेवतेत.”

मी तिला सगळं सांगितलं. लवकर बाहेर पडलीस तर बरी होशील, उशीर केलास तर कायमचं राहील, एखाद्या दिवशी पंपालाही दाद देणार नाही असा झटका येईल. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला ते माहीत होतं. नवऱ्याचा अपघात होऊन तो वर्षभर घरात होता, खोलीचं भाडं तिच्या पगारावर होतं, परभणीला परतायला काही उरलं नव्हतं. यातली एकही गोष्ट ती रडून बोलली नाही.

“दम लागला की काय करायचं तेवढं शिकवा,” ती म्हणाली. “कंपनीचं काई बोलू नका.”

मी डॉक्टरांना आत बोलावलं. त्यांनी कागद न करता तिला तपासलं, पंप दिला, तो रोज न चुकता घ्यायचा असं बजावलं. पंपाची सवय लागते हा गैरसमज काढला. ओठ निळे पडले, बोलता येईना किंवा पंप घेऊन उतार पडला नाही तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठायचं, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग मी तिला शिकवलं. दम लागला की आडवं व्हायचं नाही. बसायचं, थोडं पुढे वाकायचं, कोपर गुडघ्यांवर टेकवायचे, खांदे सैल सोडायचे. पंप जवळ ठेवायचा. नाकाने हळू श्वास घ्यायचा, मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ मुडपायचे आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. जोर लावायचा नाही. एकतीस वर्षं लोकांना जोरात फुंका म्हणून ओरडणारी मी, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, “हळू. अजून हळू.”

ही पद्धत मी शेकडो जणांना शिकवली आहे. ज्यांची फुफ्फुसं परत येणार नाहीत अशा म्हाताऱ्यांना, जिना चढता यावा म्हणून, पाण्याचा हंडा उचलता यावा म्हणून. ती चांगली पद्धत आहे. कोणाला विषाच्या खोलीत आणखी एक शिफ्ट उभं राहता यावं म्हणून शिकवण्याची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

चार-पाच वेळा केल्यावर तिला जमलं. चेहऱ्यावर जरा रंग आला. “लई बरं वाटलं, ताई,” ती म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पंप पदरात बांधला आणि दुसऱ्या शिफ्टची बस चुकायला नको म्हणून उठली.